अ‍ॅम्प बसवला आणि सूं सूं सुरू झाली

गाडीतल्या स्टिरिओविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न (सातारा): माझी डिझेल हॅचबॅक आहे. कंपनीचा स्टिरिओ काढून बाहेरचा लावला आणि डिकीत आवाज मोठा करणारा चार चॅनलचा अ‍ॅम्प बसवून घेतला. इंजिन बंद असताना आवाज एकदम स्वच्छ येतो. इंजिन सुरू झालं की बारीक सूं सूं चालू होते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिट्टीसारखी वर चढते. बसवणाऱ्याने आधी फिल्टर लावला, मग स्टिरिओतून गाणं पुढे नेणारी आरसीए केबल बदलली. पैसे गेले, सूं सूं तशीच. आता तो म्हणतो, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) खराब आहे, बदला. बदलू का?

उत्तर: इतक्यात नको. ही सूं सूं अल्टरनेटरचीच आहे, पण ती निरोगी अल्टरनेटरमधूनही निघते. आतल्या तीन फेजचा एसी प्रवाह डायोडमधून सरळ होऊन बाहेर पडतो, तेव्हा त्यावर बारीक लहरी उरतातच. इंजिन ८०० आरपीएमवर असताना अल्टरनेटर साधारण अडीचपट वेगाने, म्हणजे २००० आरपीएमने फिरतो. बारा पोलच्या अल्टरनेटरमध्ये एका फेऱ्याला ३६ लहरी पडतात, म्हणजे सेकंदाला १२००. इंजिन २००० वर नेलं की ३००० होतात, आणि आपला कान नेमका २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. म्हणून इंजिनाचा आवाज वाढला तरी शिट्टी लपत नाही.

खरा प्रश्न असा की ही लहर गाण्याच्या तारेत शिरते कुठून. स्टिरिओचा अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर, डॅशबोर्डमागे, अ‍ॅम्पचा अर्थ डिकीत. मध्ये गाडीचा पत्रा, वेल्डिंगचे सांधे आणि बॅटरीपासून बॉडीपर्यंतचा पट्टा. या दोन जागांमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असला, तर आरसीए केबलची बाहेरची जाळी दोन्ही टोकं जोडते आणि तो फरक अ‍ॅम्पला गाण्याचाच भाग वाटतो. ५० वॅट देणारा अ‍ॅम्प ४ ओहमच्या स्पीकरला सुमारे १४ व्होल्ट पुरवतो. गेन, म्हणजे आलेला सिग्नल किती पट करायचा ते ठरवणारं बटण, ०.२ व्होल्टच्या टोकाला फिरवून ठेवला असेल तर तो आत येणारं सगळं सत्तरपट करतो, म्हणजे १० मिलिव्होल्टचे ७०० होतात. गेन ४ व्होल्टच्या टोकाला असेल तर तेच १० मिलिव्होल्ट जेमतेम ३५ होतात. शिट्टी किती मोठी ऐकू येणार, हे निम्मं गेनवर ठरतं.

शोध असा घ्या. इंजिन चालू ठेवून स्टिरिओचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. शिट्टी जशीच्या तशी राहिली, तर ती व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे आरसीए किंवा अ‍ॅम्पकडे शिरते आहे. व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त झाली, तर दोष स्टिरिओकडे किंवा त्याला जोडलेल्या फोनकडे. तुमच्या वर्णनावरून पहिली शक्यता जास्त दिसते.

आता दोन जुने आरसीए प्लग घ्या आणि प्रत्येकाची मधली पिन बाहेरच्या कड्याला डाग देऊन जोडा. इंजिन आणि स्टिरिओ बंद करा, अ‍ॅम्पमधून केबल काढा आणि त्या जागी हे प्लग बसवा. (स्टिरिओच्या आउटपुटमध्ये ते कधीच घालायचे नाहीत.) सगळं परत चालू करा. शिट्टी तरीही आली, तर अ‍ॅम्पचा अर्थ, त्याची पॉवर किंवा बॉडीला टेकलेली स्पीकरची वायर, यातलं काहीतरी. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पमधून सोडवून मीटरने बॉडीशी तपासा, कंटिन्युइटी (विजेची थेट जोडणी) अजिबात दिसता कामा नये.

शांत झालं तर अ‍ॅम्प निर्दोष सुटला. केबल पुन्हा अ‍ॅम्पला लावा, स्टिरिओच्या बाजूने मोकळी करा आणि त्या टोकाची पिन व कडं एकमेकांना टेकवा. बॉडीला मात्र टेकू देऊ नका. आता शिट्टी आली तर केबल वाटेत उचलते आहे. नाही आली तर स्टिरिओचा अर्थ बघायचा. त्याच्या लोखंडी खोक्यापासून अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलपर्यंत एक तात्पुरती वायर सोडा. शिट्टी गेली तर कारण सापडलं: कपलरच्या (स्टिरिओमागच्या जोडणीच्या) काळ्या वायरीवर विसंबू नका, स्टिरिओला वेगळा अर्थ द्या. इथेच आणखी एक तपासणी करून घ्या. आरसीएचं बाहेरचं कडं आणि स्टिरिओचं खोकं यांच्यात कंटिन्युइटी हवी. काही स्टिरिओंमध्ये या मार्गावर तांदळाच्या दाण्याएवढा फ्यूज असतो. पॉवर चालू असताना आरसीए लावले-काढले किंवा अ‍ॅम्पचा अर्थ सुटला, तर तो उडतो आणि मग अल्टरनेटरची शिट्टी थेट गाण्यात येते. बसवताना झालेली ही चूक फार वेळा केबलच्या आणि अल्टरनेटरच्या माथी मारली जाते.

अ‍ॅम्पचा अर्थ ओहममध्ये मोजू नका, मीटरच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम भरतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक लांब वायरीने बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलला लावा आणि भरपूर बेस असलेलं गाणं मोठ्याने वाजवा. ०.१ व्होल्टच्या आत राहिलं तर ठीक. त्यावर जात असेल तर अर्थ नव्याने करा. मागच्या चाकाजवळ जाड पत्र्याची जागा निवडा आणि पलीकडे इंधनाची टाकी, ब्रेकचा पाइप किंवा हार्नेस नाही ना, हे गाडीखाली वाकून बघा. थिंबलपेक्षा (वायरीच्या टोकाच्या कड्यापेक्षा) थोडा मोठा गोल पॉलिश पेपरने घासा. वरचा रंग जातो तेव्हा खाली करडा प्रायमर दिसतो आणि तिथेच बरेच जण थांबतात. प्रायमरमधूनही वीज जात नाही, पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासायचं. त्यावर दातेरी वॉशर, मग दाबून बसवलेलं तांब्याचं थिंबल, वर ८ एमएमचा नटबोल्ट. आवळून झाल्यावर चारी बाजूंनी प्रायमरचा हात फिरवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज चढेल. अर्थची वायर पॉवरच्या वायरीइतकीच जाड आणि दीड फुटाच्या आत हवी. सीट बेल्टचा बोल्ट या कामाला वापरू नका. त्यावर रंग आणि चिकटद्रव्य असतं, शिवाय त्यावर जीव अवलंबून असतो.

६० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज असलेल्या अ‍ॅम्पला ४ गेजची, म्हणजे सुमारे २१ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर लागते. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये वरून तांबं, आतून अ‍ॅल्युमिनियम असतं. एका तंतूवर ब्लेड फिरवा. पांढरं दिसलं तर ४ गेजची ती वायर ६ गेजइतकीच धरून चाला.

फिल्टर काढून टाका. तो जास्तीत जास्त स्टिरिओच्या पॉवर लाइनसाठी असतो, अ‍ॅम्पचा प्रवाह त्याला झेपत नाही.

हे सगळं होऊनही शिट्टी उरली, तरच अल्टरनेटर तपासा. हेडलाइट आणि ब्लोअर चालू, इंजिन २००० आरपीएमवर, आणि बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मीटर एसीमध्ये. ५० मिलिव्होल्टच्या आत उत्तम, अर्धा व्होल्ट म्हणजे डायोड गेलेला. दोन-तीनशे रुपयांच्या पिवळ्या मीटरवर हे मोजू नका. त्याची सर्वांत लहान एसी रेंज २०० व्होल्टची असते आणि अशातले बरेच मीटर डीसीलाच एसी समजून २८-३० व्होल्ट दाखवतात. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. डायोड गेलाच असेल तर रेक्टिफायर प्लेट वेगळी मिळते, बहुतेक वेळा पूर्ण अल्टरनेटर बदलावा लागत नाही.

प्रश्न (ठाणे): फोन ऑक्स केबलने जोडून गाणी ऐकतो. फोन चार्जिंगला लावला की घरघर सुरू होते, चार्जर काढला की बंद. तीन चार्जर बदलून पाहिले.

उत्तर: फोनचा अर्थ दोन वाटांनी स्टिरिओला मिळतो: एक ऑक्सच्या जाळीतून, दुसरा चार्जरमधून सॉकेटकडे. हे वेटोळं पूर्ण झालं की चार्जरमधल्या स्विचिंगची (वीज झपाट्याने चालू-बंद होण्याची) घरघर त्यात फिरते. चार्जर कितीही बदलले तरी वेटोळं तसंच राहतं.

ते तोडायला ३.५ एमएमचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. त्याच्या आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, गाणं चुंबकातून पलीकडे जातं आणि तारेचा थेट संबंध उरत नाही. फोन आणि स्टिरिओ यांच्यामध्ये ऑक्स केबलवर लावायचा. अगदी हलक्या आयसोलेटरचा गाभा लहान असल्यामुळे खालचा बेस पातळ होतो. घेताना ढोलकीचं किंवा ढोलताशाचं रेकॉर्डिंग आयसोलेटर लावून आणि काढून, दोन्ही वेळा ऐका.

यूएसबीवर चालणारा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर ऑक्सला लावणाऱ्यांना हाच त्रास टिकटिकीच्या रूपात होतो. तिथेही आयसोलेटर चालतो. सोल्डरिंग येत असेल तर रिसीव्हरच्या ५ व्होल्टच्या लाइनमध्ये बी०५०५एस हे १ वॅटचं आयसोलेटेड मॉड्यूल टाका. ते २०० मिलिअ‍ॅम्पिअर देतं, रिसीव्हरला पुरतं. त्यावर फोन मात्र चार्ज करायला जाऊ नका.

प्रश्न (नांदेड): इंजिन बंद असतानाही ट्विटरमधून (बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरमधून) सतत फुस्स असा आवाज येतो. अ‍ॅम्पच्या डब्यावर १२०० वॅट लिहिलं आहे.

उत्तर: गेन जास्त आहे. गेन म्हणजे दुसरा व्हॉल्यूम नव्हे. स्टिरिओकडून येणारे व्होल्ट आणि अ‍ॅम्पला लागणारे व्होल्ट यांचा मेळ घालायला तो दिलेला असतो.

डब्यावरचे १२०० वॅट विसरा आणि अ‍ॅम्पचे फ्यूज बघा. फ्यूज ३० अ‍ॅम्पिअरचा असेल तर ३० गुणिले १३.८, म्हणजे ४१४ वॅटच आत जाऊ शकतात. क्लास एबी अ‍ॅम्प त्यातले साठ टक्के बाहेर देतो, म्हणजे सगळे चॅनल मिळून २५० वॅट आणि चार चॅनलला प्रत्येकी साधारण ६०. आपण ५० धरू.

स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पमधून काढा. इक्वलायझर सपाट, बेस बूस्ट बंद, गेन सर्वांत खाली. ० डीबी पातळीवर रेकॉर्ड केलेला ४०० हर्ट्झचा टोन लावा आणि व्हॉल्यूम पाऊणवर न्या. बरेच लोक १००० हर्ट्झ सांगतात, पण साधे मीटर ४०० च्या वर नीट मोजत नाहीत. आता अ‍ॅम्पच्या आउटपुटवर मीटर एसीत लावून गेन सावकाश वाढवा. किती व्होल्टला थांबायचं, ते वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून मिळतं: ५० गुणिले ४ म्हणजे २००, वर्गमूळ १४.१. काटा १४ वर आला की थांबा. सबवूफरच्या (बेसच्या मोठ्या स्पीकरच्या) चॅनलला हेच ५० हर्ट्झच्या टोनवर करायचं.

ट्विटरला कान लावल्यावर थोडी फुसफुस राहीलच, त्याची काळजी करू नका. सीटवर बसून ऐकू येत असेल तर स्टिरिओचं आउटपुट कमी पडतं आहे. २ व्होल्टऐवजी ४ व्होल्टचं आउटपुट असलेला स्टिरिओ घेतला की गेन निम्म्यावर आणता येतो.

प्रश्न (पुणे): अँड्रॉइड स्टिरिओ आणि डॅशकॅम एकाच दिवशी बसवले. तेव्हापासून एफएमवर खरखर. आधी सिंहगडाच्या पायथ्यालाही स्पष्ट लागणारी स्टेशनं आता शहरातही अडखळतात.

उत्तर: दोन वेगळी कारणं एकत्र आली असावीत, म्हणून ती वेगळी करा. इग्निशन ऑन, इंजिन बंद, एखादं कमजोर स्टेशन लावा आणि डॅशकॅमचा प्लग सॉकेटमधून उपटा. नुसतं स्क्रीनवरून बंद करणं पुरत नाही, चार्जर चालूच राहतो. खरखर गेली तर डॅशकॅमचा चार्जर किंवा त्याची वायर रेडिओलहरी सोडते आहे. मागचा कॅमेरा असेल तर त्याची वायर छतातून अगदी अँटेनाच्या बुडाला घासून जाते, आणि खूपदा तीच दोषी ठरते. तिची वाट बदलून ती दाराच्या उंबरठ्यातून न्या. फेराइटचा क्लिप लावा, पण वायर त्यातून तीन-चार वेळा गुंडाळून. एकदाच आरपार नेलेल्या वायरीला त्याचा उपयोग बराच कमी होतो. क्लिप डॅशकॅमच्या बाजूला एक आणि चार्जरच्या बाजूला एक. स्वस्त एलईडी हेडलाइटही असाच गोंधळ घालतात, तेही चालू-बंद करून बघा.

नेमकं कोण बोलतंय हे शोधायला घरातला ट्रान्झिस्टर कामी येतो. तो मीडियम वेव्हवर मोकळ्या जागी लावा आणि एकेका चार्जरजवळ, वायरीजवळ न्या. दोषी जागेपाशी तो भुणभुणायला लागतो.

प्लग उपटूनही स्टेशनं कमजोरच लागत असतील, तर अँटेनाच्या बुडातल्या बूस्टरला वीज मिळत नाही. कंपनीचा स्टिरिओ ती पुरवत होता. नव्या स्टिरिओची निळी, अँटेनाची १२ व्होल्टची वायर बूस्टरला जोडलेली आहे का बघा. काही गाड्यांत वीज अँटेनाच्या केबलमधूनच जाते. त्यासाठी पॉवर इंजेक्टर असलेला अँटेना अडॅप्टर घ्यावा लागतो.

प्रश्न (कोल्हापूर): स्टिरिओ बंद करताना सबवूफर धप्पकन आदळतो. स्पीकरला धोका आहे का?

उत्तर: रोज आदळत राहिला तर आहे. अ‍ॅम्पची रिमोट वायर (त्याला चालू-बंद करणारी) इग्निशनच्या लाइनवरून घेतलेली असणार. चावी फिरवल्यावर अ‍ॅम्प अजून जागा असताना स्टिरिओ विझतो आणि विझतानाचा झटका मोठा होऊन बाहेर येतो. रिमोट स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरीवरून घ्या. अँड्रॉइड स्टिरिओवर तिच्यावर अ‍ॅम्प कंट्रोल असं लिहिलेलं असतं. नुसती निळी वायर अँटेनाची, ती काही स्टिरिओंमध्ये फक्त रेडिओ लावल्यावरच चालू होते. दोन अ‍ॅम्प आणि पंखा चालवायचा असेल तर मध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच) टाका आणि त्याच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा, म्हणजे पट्टीची बाजू पॉझिटिव्हला, जोडा. डायोड विसरलात तर रिले सुटताना होणारा ठिणगीचा झटका स्टिरिओचं आउटपुट जाळू शकतो.

प्रश्न (चिपळूण): उन्हाळ्यात काही नसतं. जुलै लागला की खरखर, मध्येच एक बाजू बंद. अ‍ॅम्प पुढच्या डाव्या सीटखाली आहे.

उत्तर: सीटखालच्या गालिच्यावर तळहात दाबून धरा, आणि गालिचा उचलून खालचा फोमही चाचपा. वरून कोरडा दिसणारा गालिचा खालून भिजलेला असतो. एसीच्या पाण्याची नळी चिखलाने किंवा पानांनी तुंबली की पाणी इंजिनाखाली पडायचं सोडून डाव्या पायाशी उतरतं. दमट हवेत एसी सतत चालतो, म्हणून जुलै. गाडीखालून नळी मोकळी करा. तोवर अ‍ॅम्पला वीज देऊ नका.

आरसीएचे सांधे आणि अर्थचा बोल्ट तपासा. हिरवट थर आला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून सांधे नवे करा. अ‍ॅम्प जमिनीपासून किमान दोन इंच उंच, पट्ट्यांवर बसवा. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावू नका आणि मीटरही लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

एकच बाजू खरखरत असेल तर दारातला स्पीकर काढून त्याचा पडदा (कोन) चार बोटांनी सरळ आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर आत पाणी जाऊन कॉइल धरली आहे, तो स्पीकर बदला. दाराला डँपिंग शीट लावताना खालची पाणी जाण्याची भोकं बुजवली नाहीत ना, हेही त्याच वेळी बघा.

प्रश्न (नाशिक): इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नसतो, मग मागून लावलेल्या अ‍ॅम्पमध्ये शिट्टी का येते?

उत्तर: १२ व्होल्टची बॅटरी तिथे डीसी-डीसी कन्व्हर्टरवरून चार्ज होते आणि त्याचंही स्विचिंग असतं. शोधाची पद्धत वर साताऱ्याच्या उत्तरात दिली आहे तीच, आरसीए केबल मात्र मोटरच्या वायरींपासून शक्य तितकी लांब न्या. नारिंगी आवरणाच्या कुठल्याही केबलपाशी ड्रिल, थिंबल, मीटर काहीही न्यायचं नाही.

प्रश्न (मडगाव): बेस वाढवला की मागून टरटर आवाज येतो. सबवूफर फाटला आहे असं दुकानदार म्हणतो.

उत्तर: सबवूफर बदलण्याआधी गाडीबाहेर उभं राहून ऐका. फोनवर २० पासून २०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा टोन मिळतो, तो लावा आणि कोणाला तरी डिकीभोवती एकेका भागावर हात दाबायला सांगा. हात ठेवताच टरटर थांबली की जागा सापडली. पहिला हात नंबर प्लेटवर ठेवा. हाय सिक्युरिटी प्लेट स्नॅप लॉकवर बसवलेली असते, ते लॉक तोडून प्लेट काढायची नाही. ३ एमएमच्या फोमच्या पट्ट्या कडेने पातळ पट्टीच्या साहाय्याने मागे सरकवा, वर दोन आणि खाली दोन. त्यानंतर डिकीच्या झाकणाचं आतलं प्लॅस्टिक, स्टेपनीचा बोल्ट, जॅक आणि पान्यांची पिशवी बघा. सगळीकडे हात ठेवूनही टरटर राहिली, तर सबवूफर खोक्यातून बाहेर काढा, मोकळ्यावर हलक्या आवाजात तोच टोन द्या आणि कोनाच्या कडेचा रबर बोट फिरवून तपासा. तिथे चीर सापडली तर दुकानदाराचं बरोबर आहे.